नाव वाचता न आल्यास

माझा धाकटा भाऊ दाराला कुलूप लावतो, दोनदा ओढून बघतो आणि मग त्या कुलपाचा फोटो काढतो. बसमध्ये बसल्यावर शंका आली तर फोन उघडून बघता यावं म्हणून. एकदा मी सहज विचारलं, "अरे, पण फोटो आजचाच कशावरून?" तेव्हापासून तो कुलपाशेजारी मनगटावरचं घड्याळ धरतो. चूक माझीच, मी विचारायलाच नको होतं. ऑफिसात त्याला जपूनराव म्हणतात. कुणी जिना उतरायला लागलं, कुणी गरम कप उचलला, कुणी सुट्टीवर निघालं, की याच्या तोंडून एकच शब्द निघतो: जपून. पन्नाशीला दोन वर्षं कमी आहेत त्याला आणि काळजी करण्यात एका दिवसाचाही खाडा नाही.

मी थोरली. तीस वर्षं नर्स आहे आणि वॉर्डात माझा आवाज आला की नव्या पोरी खुर्चीवरून उठतात. आम्ही दोघं एकाच घरात राहतो. त्याने लग्न केलं नाही, कारण तो विचार करत राहिला. मी केलं होतं, पण नवरा लवकर गेला आणि मी माझी ट्रंक घेऊन इकडे आले.

दिवसा तो बसगाड्यांची वेळापत्रकं बसवणाऱ्या कंपनीत प्रोग्राम लिहितो. संध्याकाळी जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला बसून दुसरं काम करतो, जे त्याला कुणी सांगितलेलं नाही. नऊ वर्षांपूर्वी त्याने एक लायब्ररी लिहिली आणि जगाला फुकट देऊन टाकली. ही पुस्तकांची लायब्ररी नव्हे. दुसऱ्यांनी आपल्या प्रोग्राममध्ये बसवायचा तयार भाग असतो, त्याला हे लोक लायब्ररी म्हणतात. ती काय करते हे मला कळायला दोन वर्षं लागली, म्हणून सावकाश सांगते.

प्रोग्राम लिहिणारी माणसं आपलं काम रिपॉझिटरी नावाच्या एका कपाटात ठेवतात. त्यात नुसता प्रोग्राम नसतो. त्यात झालेला प्रत्येक बदल असतो. कुणी केला, कधी केला, कशासाठी केला, सगळं. आमच्या वॉर्डातल्या केसपेपरसारखंच. जुनं खोडायचं नाही, खाली नवी नोंद करायची आणि सही ठोकायची. माझ्या भावाची लायब्ररी हे कपाट उघडते आणि वाचते. प्रोग्रामची अमुक ओळ कुणाची, असं विचारलं की नाव सांगते. लिहीत नाही, पुसत नाही, कशाला हात लावत नाही. त्याच्या स्वभावाला याहून सोयीचं काम शोधूनही सापडलं नसतं.

ही लायब्ररी हजारो जण वापरतात. त्यातला एकही त्याला भेटलेला नाही. त्यांची पत्रं येतात कॉम्प्युटरवर, कधी आभाराची, बरीचशी तक्रारीची. प्रत्येक पत्र उघडण्याआधी तो घोटभर पाणी पितो. त्या बुधवारी संध्याकाळी एक पत्र वाचल्यावर मात्र त्याने पेला तसाच हातात धरून ठेवला. पाणी टेबलावर सांडत होतं तरी त्याला पत्ता नव्हता.

"काय झालं रे?"

"ताई, एका बाईंची नोकरी जातेय. माझ्यामुळे."

मी म्हटलं, झालं, राईचा पर्वत सुरू. पण पत्र वाचलं आणि मी खुर्ची ओढून बसले. औषधं साठवायच्या थंड खोल्या असतात, त्यांच्या अलार्मचा प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीत त्या बाई कामाला होत्या. खोली गरम व्हायला लागली की सहा मिनिटांत अलार्म वाजायला हवा. तो सहा तासांनी वाजला आणि खोलीभर औषध वाया गेलं. कंपनीने शोध घेतला, अलार्म लांबवणारी ही ओळ कुणाची? त्यांच्याकडे एक तपासणीचा प्रोग्राम होता, त्याच्या पोटात माझ्या भावाची लायब्ररी. त्या प्रोग्रामने या बाईंचं नाव सांगितलं. बाईंनी लिहिलं होतं, 'ती ओळ माझी नाही. मी फक्त जुन्या टीमचं काम नव्या कपाटात हलवलं. मूळ नोंद उघडली तर लेखकाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात आणि तुमच्या लायब्ररीला विचारलं तर माझं नाव येतं. साहेब म्हणतात, हजारो लोक वापरतात ती लायब्ररी चुकते आणि तू एकटी बरोबर? शुक्रवारी अकराला चौकशी आहे. तुम्ही लिहून दिलंत तरच ते ऐकतील.'

त्याने आपला प्रोग्राम उघडला. चूक शोधायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मला वाटतं, ती कुठे आहे हे त्याला आतून ठाऊक होतं.

"हे बघ," तो म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "प्रत्येक नोंदीत दोन नावं असतात. एक ज्यानं ओळ लिहिली त्याचं, दुसरं ज्यानं ती कपाटात लावली त्याचं. बहुतेक वेळा माणूस एकच असतो, पण नेहमी नाही. जुन्या कॉम्प्युटरवर लिहिलेलं नाव कधी कधी आता वाचताच येत नाही, अक्षरांचा नुसता चिखल होतो. मग मी…"

"मग तू काय?"

"मग मी दुसऱ्याचं नाव देतो."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. औषध डॉक्टर लिहितो आणि कागद फाइलला लावते मी. "म्हणजे डॉक्टरचं अक्षर लागलं नाही, तर औषध सिस्टरनं लिहिलं म्हणून सांगायचं?"

त्याने मान हलवली. सहा वर्षांपूर्वी लिहिलेली ती ओळ त्याने मला दाखवली. वर त्याच्याच भाषेत टीप होती, नेहमीसारखी नीटनेटकी: नाव वाचता न आल्यास नोंद लावणाऱ्याचं नाव द्यावं.

"अरे, पण का? वाचता आलं नाही असं सांगायचं की सरळ!"

"जागा रिकामी कशी सोडणार, ताई? लोकांचे प्रोग्राम अडले असते. कुणीतरी ओरडलं असतं."

हा माझा भाऊ. फॉर्मवर 'अन्य माहिती' असा रकाना असला तर त्यात 'विशेष काही नाही, धन्यवाद' असं लिहून येणारा. रिकामी जागा दिसली की त्याचा जीव घाबरा होतो. तीच भीती त्याने प्रोग्राममध्ये घातली होती आणि ती सहा वर्षं हजारो कॉम्प्युटरांवर निमूटपणे चालली होती. मला त्याची कीव आली आणि रागही आला.

"आता लिही त्या बाईंना," मी म्हटलं आणि झोपायला गेले. गुरुवारी माझी सकाळपासून ड्युटी होती, वर दोन सिस्टर रजेवर. घरी आले तेव्हा तो टेबलाशीच होता, ऑफिसला दांडी मारून. पत्र झालं का विचारलं, तर म्हणाला, "होतंय." मला वाटलं, बरं आहे.

शुक्रवारी मला सुट्टी होती. सकाळी साडेआठला मी चहा घेऊन त्याच्यासमोर बसले. त्याचे डोळे सुजले होते.

"काय म्हणाल्या बाई?"

त्याने पडदा माझ्यापासून थोडा वळवला.

"पाठवलंस ना पत्र?"

"आणखी एकदा तपासतोय. जुन्या सगळ्या आवृत्त्या बघायला हव्यात. मी लिहिलं आणि त्यातच काही चुकलं तर?"

मी उठून त्याच्या बाजूला गेले. पडद्यावर पत्राचे सात मसुदे होते. पहिला चार ओळींचा, आणि स्वच्छ. सातवा दोन पानी, 'काही विशिष्ट परिस्थितीत असे घडण्याची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही' अशा वाक्यांनी भरलेला. तो वाचून कुणालाही कळलं नसतं की चूक कुणाची.

"तुला चूक सापडली बुधवारी. आज शुक्रवार आहे."

"ताई, एकदा हे लिहून दिलं की सगळे विचारणार, आणखी काय काय चुकलंय? नऊ वर्षांत माझ्याकडून कुणाला खोटं उत्तर गेलं नव्हतं. निदान मी तसं समजत होतो. माझ्याकडे हे एवढंच आहे गं."

तो रडवेला झाला होता. एरवी मी त्याला जवळ घेतलं असतं. पण त्या दिवशी मला घड्याळ दिसत होतं. तिकडे एक बाई कपडे करून कुठल्यातरी दारातून निघाली असेल आणि दर मिनिटाला फोन बघत असेल. मग मी त्याला एक गोष्ट सांगितली, जी तोवर कुणालाही सांगितली नव्हती.

"नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी चार नंबरच्या पेशंटचं इंजेक्शन पाच नंबरला दिलं. सुई बाहेर काढल्याक्षणी कळलं. आणि मी काय केलं माहितीये? केसपेपर हातात घेऊन उभी राहिले. परत परत वाचला. वाटत होतं, आपण चुकीचं वाचतोय, पाच नंबरलाच असेल. तीन मिनिटं वाचत होते मी. मग डॉक्टरांना हाक मारली. माणूस वाचला, पण त्या तीन मिनिटांत तो श्वास घ्यायला धडपडत होता आणि माझ्या हातात कागद होता. तपासतेय असं मी स्वतःला सांगत होते. घाबरले होते रे मी, दुसरं काही नाही."

मग त्याने सातवा मसुदा पुसला, सहावा पुसला, करत करत पहिल्यावर आला. चार ओळी होत्या. चूक माझ्या लायब्ररीची आहे, त्या ओळीच्या लेखकाचं नाव वाचता येत नव्हतं, बाईंचं नाव लायब्ररीने चुकीने लावलं, मी हे कुणासमोरही सांगायला तयार आहे. खाली नाव आणि फोन नंबर. वेळ नऊ वीस. बटण दाबताना त्याने डोळे मिटले होते.

त्यानंतर दुपारपर्यंत आमच्या घरात कुणी धड बसलं नाही. मी उगाच स्वच्छ ओटा पुसला, मग पुन्हा पुसला. तो खिडकीपासून टेबलापर्यंत आणि टेबलापासून खिडकीपर्यंत. अकरा वाजले. बारा वाजले. "पोचलंच नसेल," तो म्हणाला. "पोचलं असेल, पण उघडलंच नसेल." "उघडलं असेल, पण विश्वास बसला नसेल." मी ओरडले, "गप बस, मलाही आता तसंच वाटायला लागलंय!" एक वाजून पाच मिनिटांनी बाईंचं उत्तर आलं. एकच ओळ: 'चौकशी थांबवली, माझं नाव काढलं, मी जिन्यात बसून लिहितेय.' त्याने ती ओळ मला मोठ्याने वाचायला लावली. पुढे कळलं की अलार्मची ती ओळ लिहिणारा माणूस कधीच कंपनीतून गेला होता आणि त्याने लिहिली तेव्हा ती बरोबरच होती. नंतर यंत्रं बदलली आणि ओळ तीच राहिली.

मी म्हटलं, सुटलो बाई. पण तो काही सुटला नव्हता. त्याच दुपारी त्याने चूक दुरुस्त केली. आता नाव वाचता आलं नाही की लायब्ररी तसं सरळ सांगते. मग लायब्ररीच्या पानावर, सगळ्यात वर, त्याने ठळक अक्षरांत सूचना लावली: गेल्या सहा वर्षांत या लायब्ररीच्या भरवशावर कुणावर ठपका ठेवला असेल, तर पुन्हा तपासा. वर लाव असं त्याला मी सांगितलं नव्हतं. लावून झाल्यावर तो टेबलाला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, ही बाई भांडली म्हणून आपल्याला कळलं. जे भांडले नसतील त्यांचं काय?"

शनिवारी शिव्यांची बारा-पंधरा पत्रं आली आणि त्याने ती सगळी वाचली. रविवारी सकाळी एक पत्र आलं, त्यात शिवी नव्हती.

एका माणसाने लिहिलं होतं की तीन वर्षांपूर्वी त्याला अशाच एका ओळीवरून कामावरून काढलं. सूचना वाचून त्याने जुन्या सोबत्याला मूळ नोंद उघडायला लावली. लेखकाच्या जागी प्रश्नचिन्हं निघाली. 'मला आता दुसरी नोकरी आहे, बरी आहे. तुमच्याकडून काही नको. फक्त ती ओळ माझी नव्हती एवढं लिहून द्याल का? वडिलांना वाचून दाखवायचंय.'

माझ्या भावाने लगेच लिहिलं आणि दुसऱ्यांदा न वाचता पाठवलं. खाली फोन नंबरही दिला.

दुपारी फोन वाजला. त्याने फोन टेबलावर ठेवला आणि स्पीकर लावला. पलीकडे एक म्हातारा आवाज होता.

"लायब्ररीवाले तुम्हीच का?"

"हो, मीच."

"मुलानं पत्र वाचून दाखवलं. पण मला नीट दिसत नाही हो, त्यानं काय वाचलं ते मला काय कळणार? तुम्ही तोंडानं सांगा."

माझ्या भावाने माझ्याकडे पाहिलं. मग एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "ती ओळ तुमच्या मुलाची नव्हती. माझ्या प्रोग्रामनं त्याचं नाव सांगितलं, कारण मी तसं लिहून ठेवलं होतं. त्यानं काहीही केलं नव्हतं. चूक माझी आहे. मला माफ करा."

पलीकडे काठी जमिनीवर टेकल्याचा आवाज आला.

"त्यानं मला तेव्हाच सांगितलं होतं," म्हातारे म्हणाले. "बाबा, मी नाही केलं, म्हणाला. मी म्हटलं, कंपनीच्या कागदावर तुझं नाव आहे, कागद कशाला खोटं बोलेल? तीन वर्षं झाली. तो माझ्याशी फक्त औषधाच्या वेळेचं बोलतो."

"आत्ता कुठे आहे तो?" माझ्या भावाने विचारलं.

"आतल्या खोलीत."

"मग माझ्याशी काय बोलताय, काका? त्याला हाक मारा."

फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. खुर्ची सरकली, काठी कशाला तरी आपटली, आणि फोनपासून लांबून तो म्हातारा आवाज आला, "अरे, इकडे ये रे. चूक माझीपण आहे."

माझ्या भावाने हात पुढे करून हळूच फोन बंद केला.