पहिल्या बोअरची चांदी

मुळ्येसाहेब दगड चाटायचे. मध्य प्रदेशात, कन्नौदच्या दक्षिणेला डोंगरात आमचा कॅम्प होता. तिथं मी हजर झालो, तेव्हा ते उकिडवे बसून एका दगडाला जीभ लावत होते. "ओला केला की कण नीट दिसतात," माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "आणि पाण्याची बाटली तंबूत राहिली आहे, भिया."

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. एक खाजगी कंपनी तिथं चांदी शोधत होती. साहेब सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक, देवासचे. घरात जुन्या वळणाची मराठी, बाहेर अर्धी मालवी. मी त्यांच्या हाताखाली नवखा. माझ्या अहवालावर त्यांचा शेरा ठरलेला: "'अजून ठाऊक नाही' असं लिही. लाजू नकोस."

पहिल्याच बोअरमधून दगडाच्या ज्या लांब कांड्या निघाल्या, त्यांत करडी, चकाकणारी शीर सापडली. ती संपेचना. प्रयोगशाळेनंही चांदी चांगली असल्याचं कळवलं. साहेब इतके हरखले, की बघायला आलेल्या, पायथ्याच्या गावच्या भेरूसिंग पटेलांच्या हातात त्यांनी एक कांडीच ठेवली. "देखो पटेल, तुम्हारे पहाड़ की चाँदी!" महिन्याभरात पटेलांचे दोन्ही मुलगे पीथमपूरच्या कारखान्यातली नोकरी सोडून गावी परतले. आता खाण इथंच निघणार होती ना!

मग दुसरी बोअर कोरी गेली. तिसरीही. चौथीत बोटभर शीर लागली. साहेब दोन दिवस नकाशासमोर बसून होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली आणि एक वही उचलली. "पानांतून आरपार सुई घातलीस, तर एक पान किती पातळ ते कळतं. पण एकाच पानाच्या कडेतून सरळ आत घातलीस, तर सुई संपेपर्यंत कागदच. आपली पहिली बोअर तशी शिरेच्या अंगाअंगानं खाली गेली. शीर जाड नाही रे. बोटभरच आहे." वही मिटून म्हणाले, "हे मला त्याच दिवशी सुचायला हवं होतं."

कंपनीचे संचालक मुंबईहून आले. नकाशावर साहेबांनी बोअरांच्या मध्ये तुटक रेघ आणि प्रश्नचिन्हं काढली होती. संचालकांना तिथं सलग, जाड शीर हवी होती. त्यावर नवे गुंतवणूकदार मिळणार होते. "मुळ्येजी, सिर्फ़ एक लकीर है."

"जे नाही ते मी काढणार नाही," साहेब मराठीतच म्हणाले.

नकाशा माझ्याकडे आला. माझे वडील कामाला होते तो देवासचा कारखाना नुकताच बंद पडला होता. घरात मी एकटाच नोकरीला. मी रेघ काढली. साहेब मागे येऊन उभे राहिले. वाटलं, आता बोलतील. "शाई वाळू दे," ते म्हणाले, "मग गुंडाळ."

त्याच दुपारी आम्ही पटेलांकडे गेलो. खाण निघेल इतकी चांदी नाही, मुलांना परत पाठवा, असं साहेबांनी हात जोडून सांगितलं. पटेल हसले. "साब, चाँदी म्हारा हाथ में तो तमने ही धरी थी." मुलं गावातच राहिली.

वर्षभरात काम बंद पडलं, बोअरची यंत्रं गेली. साहेब त्या दोन्ही मुलांना घेऊन पीथमपुरात गेटोगेट फिरले, होत्या नव्हत्या त्या ओळखी काढल्या. कुणी घेतलं नाही. मुलं गुजरातेत गेली, कसल्याशा कामावर. धाकट्याचा पुढे पत्ताच लागला नाही.

काही वर्षांनी अर्धांगवायूनं साहेबांची वाचा गेल्याचं कळलं, तेव्हा मी देवासला त्यांच्या घरी गेलो. "साहेब, ती रेघ मी काढायला नको होती," मी म्हणालो. त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. ओठ हलले, घशातून आवाज आले, पण शब्द एकही नाही. ते पुन्हा पुन्हा तेच सांगू बघत होते, चिडत होते.

"काहीतरी सांगायचंय त्यांना," काकू म्हणाल्या, "पण आम्हालाही कळत नाही हो."

शेवटी मी "हो, साहेब" म्हणालो. तेव्हा कुठं त्यांनी हात सोडला. पंधरवड्यात ते गेले. मी कशाला हो म्हटलं होतं, ते विचारायला आता कुणी नाही.