तांबड्या दरीत मावशीची एकादशी

खिंड ओलांडली आणि समोर अख्खी दरी तांबडी. भाजलेल्या विटेसारखी. मध्येच शेवाळी पट्टा, खाली गेरू, कडेला पिवळं गवत आणि या सगळ्याच्या मागे बर्फ. आमच्या नाशिककडे डोंगर असा उघडा दिसला की समजायचं, जेसीबी येऊन गेला. इथे डोंगराचा रंगच तो आहे, हे मला स्वतःला दोनदा बजावावं लागलं.

डोंगर फोडणाऱ्या खडी क्रशरविरुद्ध आम्ही काही पोरंपोरी पत्रकं वाटतो, रस्त्यावर बसतो. तसंच काम करणाऱ्यांच्या मेळाव्यासाठी मी पेरू देशातल्या कुस्को शहरात आले होते. सोबत सुनंदामावशी. सायखेड्याची, निवृत्त शिक्षिका. "जन्मभर अँडीज नकाशावर दाखवला. एकदा बघू तर दे!" म्हणाली आणि स्वतःच्या हिमतीवर आली.

मेळावा संपल्यावर एक गाडी ठरवून आम्ही दरी बघायला निघालो. पहाटे ड्रायव्हर रेनेने पाव आणि उकडलेली अंडी पुढे केली. मावशीने हात जोडले. एकादशी! दोन खजूर तोंडात टाकले की झालं.

"मावशी, आपण ढगांच्या वर चाललोय. आज तरी सोड."

"तुझी भाषणं क्रशरवाल्यांना दे. मला नको."

वाटेत मातीच्या भिंतींची गावं लागली. अंगणात अल्पाका (उंटाच्या जातीचा लोकरी प्राणी) बांधलेले, बायकांच्या पाठीवर लाल-गुलाबी पट्ट्यांच्या घोंगड्या, कुणाच्या घोंगडीत बाळ तर कुणाच्या चारा. मावशी प्रत्येक घोंगडीची वीण बघायला थांबायची. दरीत मात्र ती चार पावलं चालून खाली बसली. डोकं फुटतंय म्हणाली, ओकली. ओठ निळसर दिसायला लागले. "सोरोचे (उंचीचा त्रास)," रेने म्हणाला, "लगेच खाली न्यायला हवं." सहल विकणाऱ्याच्या रंगीत कागदावर 'सोपी चाल' छापलं होतं. उंचीबद्दल अक्षर नाही. तो माणूस तिथे असता तर त्याला तो कागद खायला लावला असता.

आम्ही उतरायला लागलो आणि सकाळी मोकळा असलेला रस्ता एका गावापाशी बंद! आडवे दगड, मध्ये सगळं गाव बसलेलं. वर खाण निघणार होती, आपलं पाणी जाईल म्हणून गावाने रस्ता धरला होता. एरवी मी धावत जाऊन त्यांच्यात बसले असते. आज मला ते दगड उचलून दरीत फेकावेसे वाटले.

मी पुढे झाले. मीही आंदोलन करते, आमचेही डोंगर फोडतात, सगळं सांगितलं. रेने दुभाष्या. पुढची म्हातारी, डोन्या फ्लोरा (डोन्या म्हणजे बाई), शांतपणे सूत कातत राहिली.

"रस्ता अडवला की सगळे पाहुणे आजारी पडतात," ती म्हणाली. बायका खो खो हसल्या.

"या आणि बघा मग!" मी ओरडले. रेनेने ते जरा मऊ करून सांगितलं असावं.

ती उठली, गाडीत डोकावली. हसू गेलं. "हिने काय खाल्लंय?"

"काही नाही. देवाचा उपवास आहे."

"या उंचीवर? असं कोणता देव सांगतो?"

"मी हेच सांगतेय हिला, कधीपासून!"

मावशीने डोळे न उघडता म्हटलं, "तिला सांग, देव सांगत नाही. मी करते."

रेनेने सांगितल्यावर डोन्या फ्लोरा मावशीकडे बघतच राहिली. मग वळून गावाशी बोलली. इथे दगड एकट्याच्या शब्दावर हलत नाही, सगळ्यांनी हात वर करायचे असतात. एकेक हात वर जात होता आणि माझा जीव वरखाली होत होता. शेवटी एक चिडका म्हाताराही पुटपुटत हात वर करून मोकळा झाला.

पुरुष दगड सरकवायला लागले, तोवर डोन्या फ्लोराने सूप आणलं. मावशीने मान हलवली, धान्य नको. मग आली वातिया (तापलेल्या ढेकळांत पुरून भाजलेले बटाटे). मावशीने एक डोळा उघडला.

"बटाटा चालतो."

माती झटकून, सालासकट, तिने अख्खा बटाटा खाल्ला. मग दुसरा. हिरव्या चटणीचा वास घेऊन म्हणाली, "यात कोथिंबिरीसारखं काहीतरी आहे, ही नको." हे ऐकलं आणि माझे डोळे भरून आले. चटणीत खोट काढतेय म्हणजे बाई शुद्धीवर आहे!

बटाट्याने उंचीचा त्रास जातो असं कुणी समजू नका. खाली उतरणं हेच औषध. दगड बाजूला झाले, गाडी निघाली. प्रत्येक वळणाला हवा दाट होत गेली. खालच्या गावातल्या दवाखान्यात प्राणवायू लावला, डॉक्टर म्हणाले, आता धोका नाही. मी बाहेर पायरीवर बसले आणि खुशाल रडले.

नाशिकला आल्यावर लोक विचारतात, रंग खरंच तसे आहेत का? आहेत. फोटोपेक्षा जास्त. पण माझं निम्मं लक्ष मावशीच्या ओठांकडेच होतं, त्यामुळे माझं वर्णन अपुरंच.

परवा पुन्हा एकादशी होती. मावशीने फोनवर सांगितलं, धरलाय उपवास. मी तिला तासभर झापलं, तिने मला झापलं, शेवटी चिडून तिनेच फोन ठेवला. मी पाच मिनिटांनी पुन्हा लावला, उगाच. पलीकडून खणखणीत आवाज आला, "आता काय राहिलंय तुझं?"

काहीच राहिलं नव्हतं.