फोनवर सर काय म्हणाले होते

आमच्या कॉलेजची मुलींची बास्केटबॉल टीम का बंद पडली, हे वसईत अनेकांना ठाऊक आहे. म्हणजे त्यांना तसं वाटतं. खरं काय ते मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते.

मी कॅप्टन होते. उपांत्य सामन्याच्या सकाळी सुप्रियाचा पाय मुरगळला, दोघी आधीच तापाने आडव्या – उरलो आम्ही चौघी. आमचे कोच म्हात्रे सर त्यांच्या वडिलांना घेऊन हॉस्पिटलात होते. मी फोन केला. ते म्हणाले, "पाच जणी नसतील तर सामना सोडून द्या. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी? माझं ते शेवटचं वर्ष होतं.

सुप्रियाचं ओळखपत्र माझ्याच बॅगेत होतं. माझी मावसबहीण दुसऱ्या कॉलेजातून खेळायची. तिला बोलावलं आणि सुप्रियाच्या नावावर उतरवलं. बाकीच्या मुलींना सांगितलं – सरांनीच सांगितलंय. आम्ही जिंकलो. आणि समोरच्या टीममधल्या एकीने माझ्या बहिणीला ओळखलं.

प्राचार्यांनी विचारलं, "कुणाच्या सांगण्यावरून?" तेव्हा तरी खरं बोलता आलं असतं ना? मी खाली बघत म्हटलं, "सरांच्या." मुलींनीही तेच सांगितलं – त्यांना तेच माहीत होतं.

घरी आईने विचारलं, "तुजं नाव नाय ना आलं?"

"नाही."

"मग जेवन घे."

मी जेवले. पोटभर.

सरांना काढलं. टीमवर बंदी आली. घरी झोपून असलेल्या सुप्रियाला वाटलं, सरांनी तिचं नाव विकलं. ती त्यांच्याशी पुन्हा कधी बोलली नाही. बंदी उठली तोवर खेळायला मुलीच उरल्या नव्हत्या. कोर्टवर स्कूटर लावायला लागले.

टीम परत उभी केली ती सुप्रियानेच. ती त्याच कॉलेजात शिकवायला लागली, स्कूटर हटवल्या, आचोळ्याच्या, राजोडीच्या मुलींच्या घरी जाऊन आयांना पटवलं. मीही तिच्या मदतीला जायचे. यंदा टीम पुन्हा उपांत्य फेरीत गेली.

त्याआधी कोर्टच्या रेषा रंगवायच्या होत्या. रंग आणायला मी जूचंद्रला गेले – आणि काउंटरवर म्हात्रे सर. दुकान त्यांच्या भावाचं. त्यांनी मला लगेच ओळखलं. लवकर न उडणारा रंग काढून दिला. मग हळूच विचारलं, "सुप्रिया अजून रागावलीय?"

मी म्हटलं, "हो, सर."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी काय बोलले होते ते त्यांना ठाऊक नसेल का? चौकशीत त्यांना सगळं ऐकवलंच असणार. मी डबा उचलला आणि निघाले.

सामन्याच्या आदल्या दिवशी सुप्रियाने मुलींना बसवून ती जुनी गोष्ट सांगितली – एका सरांच्या हावेपायी टीम कशी बुडाली. एका मुलीने माझ्याकडे वळून विचारलं, "ताई, तुम्ही होतात ना तेव्हा? खरंच सरांनी असं केलं?"

पहिल्यांदा मी घाबरले होते, असं म्हणता येईल. या वेळी कशाची भीती होती? माझं कोण काय बिघडवणार होतं?

मी म्हटलं, "हो."

सरांनी काही केलं नव्हतं. केलं ते मी.