सोडा-लिंबू

सोड्यात लिंबू पिळल्यावर येणारा वास नाकात गेला, की मला शेठची अँजिओग्राफी आठवते. माझे बाबा त्याच्या यंत्रमागाच्या कारखान्यात लूम चालवायचे. छातीत कळ आली म्हणून ते खाली बसले, तेव्हा शेठने त्यांच्या हातात सोडा-लिंबाचा ग्लास दिला होता. "काय न्हाय, गॅस हाय. पी आन् लूम चालू कर." बाबांनी लूम चालू केला आणि ते तिथेच कोसळले, गेलेच. पुढे मी हॉस्पिटलात, हृदयाच्या शिरा तपासतात त्या कॅथलॅबमध्ये टेक्निशियन झाले, आणि एका दुपारी तोच शेठ माझ्यासमोर टेबलावर आडवा झाला. पूर्ण शुद्धीत होता, मनगटातून नळी आत गेलेली, त्या थंडगार खोलीतही कपाळावर घाम. डॉक्टर नातेवाइकांशी बोलायला बाहेर गेले, तसा मी स्क्रीन त्याच्याकडे फिरवला. त्याच्या हृदयाची काळी शीर मध्येच तुटल्यासारखी दिसत होती. "काय हाय गं ते?" त्याने विचारलं. मी मास्क खाली ओढला. माझा चेहरा थेट बाबांचा आहे. मी वाकून म्हणाले, "काय न्हाय शेठ, गॅस हाय. सोडा-लिंबू आणू?" त्याने ओळखलं. मग स्टेंट बसला, शीर वाहती झाली, तो वाचला. बरंच झालं. आता टेमघरच्या रस्त्यावर तो सकाळी फिरताना दिसला, की मी मुद्दाम समोरून जाते, आणि त्याचा हात आपोआप छातीवर जातो.