सलीमचा सहा इंची डबा

एक इलेक्ट्रिक गिटार. दोन अ‍ॅम्प्लिफायर. बारा इंची स्पीकरचा मोठा डबा. आणि सलीमचा तो सहा इंची डबा.

हे सगळं मी माझ्या हातानं बनवलं. कुठल्या कॉलेजात न जाता, जुने रेडिओ उघडून उघडून.

आणि सलीम वारला म्हणून पॉप चांगलं ठरत नाही.

काल माती देऊन परतताना कुणीतरी म्हणालं, "चला, तुमचा वाद मिटला एकदाचा."

कसा मिटला?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लातुरात गोलाईच्या बाजारपेठेजवळ सलीमचं कॅसेट रेकॉर्डिंगचं दुकान होतं. शेजारी माझं रेडिओ दुरुस्तीचं. अख्ख्या गल्लीत इंग्रजी गाणी ऐकणारे आम्ही दोघंच, आणि आमचंही पटत नव्हतं. मी रॉकवाला, तो पॉपवाला.

"बालाजी, तुझी ती केसाळ पोरं गाणं म्हणायलीत का भांडायलीत?"

"तुझे ते नाचे नुसतं तोंड हलवायलेत. गिटार कोण वाजवतंय, दाखव की!"

"गिटार खड्ड्यात जाऊ दे मियाँ. गाणाऱ्याचा शब्द कळाला पाहिजे!"

म्हणून त्यानं माझ्याकडून वेगळा डबा करून घेतला. बेस नको, फक्त गळा. मी नाक मुरडलं, पण काम चोख केलं. अठरा एमएमचा प्लाय, सहा इंची स्पीकर, वर बारीक आवाजाचा ट्वीटर, आत गादीचा पिंजलेला कापूस.

मग त्र्याण्णवचा भूकंप झाला.

औसा रस्त्याला शाळेच्या मैदानात तंबू पडले. गावागावांतून आणलेले जखमी दवाखान्यात, घरचे लोक मैदानात. जे सापडले त्यांची नावं पुकारायची होती. माइक होता, स्पीकर नव्हता. मी माझा बारा इंची नेला. छाती फुगवून.

नुसता घुमला.

लोक एकमेकांची तोंडं बघायचे. "कुणाचं म्हणाले? कुणाचं?"

सलीम दुकानात गेला आणि सायकलच्या कॅरिअरला स्वतःचा डबा बांधून आला. माइक हातात घेतला. नाव, बापाचं नाव, गाव. सावकाश.

पार मागून एक बाई उठली.

"माझं हाय! माझं लेकरू हाय ते!"

घसा बसेपर्यंत तो नावं वाचत राहिला.

परतताना मला म्हणाला, "आता तरी बोल. शब्द कळाया पाहिजे का न्हाई?"

मी म्हणालो, "डबा मी केलता. आणि तू नावं वाचली, गाणी न्हाई."

हसला. भूकंपानंतर पहिल्यांदा.

पुढं लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. कॅसेटी संपल्या, सलीमनं दुकानात झेरॉक्स टाकली. नोट्सच्या गठ्ठ्यांमागून, मशीनच्या खडखडाटावर आवाज चढवून आम्ही भांडायचो. झेरॉक्सला आलेल्या पोरी विचारायच्या, "अंकल, शेताचा वाद आहे का?"

गेल्या महिन्यात नांदेडला लेकीकडं उपचाराला निघाला, तेव्हा डबा माझ्याकडं ठेवून गेला.

"मी मेल्यावर तरी कबूल कर रे."

"तू मर तर आधी."

गेलास.

तरी कबूल नाही.

तुझ्या लाडक्या गायकाला आजही सूर धरता येत नाही. तीन कॉर्डवर आयुष्य काढलं त्यानं. सकाळपासून तुझ्या डब्यावर त्याचीच कॅसेट लावलीय. दोन्ही बाजू. नीट ऐकल्या.

शब्द न् शब्द कळतो.

गाणं टुकारच आहे.

खुदा हाफिज, सलीमभाई. वाद चालू आहे.

दुपारी एका क्लासचे सर आले होते. भूकंपातला डबा म्हणून क्लासच्या रिसेप्शनला काचेत ठेवतो म्हणाले.

मी विचारलं, "वाजवणार का?"

"नाही हो, शोपीस."

पंचाहत्तर हजार देत होते. नाही म्हणालो.