सीताबर्डीचा चौकडीचा शर्ट

माणूस हा पडण्यासाठीच जन्माला आला आहे, यावर माझ्या साडभाऊंची जेवढी श्रद्धा आहे, तेवढी अख्ख्या नागपुरात दुसऱ्या कोणाची कशावरही नसेल. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. उंच इमारतींच्या साइटवर ते सेफ्टी सुपरवायझर आहेत; वर मजूर काम करत असले की त्यांच्या खाली जाळी बांधून घ्यायची, हे त्यांचं काम. पण काम साइटवर ठेवून घरी येणाऱ्यांतले ते नव्हेत. एकदा आमच्याकडे बसले असताना बायको पापडाचा डबा काढायला स्टुलावर चढली, तर यांनी घरातल्या सगळ्या गाद्या तिच्याभोवती अंथरल्या आणि शेवटची उशी जागेवर बसेपर्यंत तिला खाली उतरू दिलं नाही. धरमपेठेत एका नातलगाच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. पाहुणे स्वयंपाकघराच्या ओट्याचं कौतुक करत होते आणि हे गॅलरीत कठड्यावर दोन्ही तळहात टेकवून, अंगाचा सगळा भार टाकून, तो हलतो का ते बघत होते. कठडा किंचित हलला. झालं. वेल्डर येईपर्यंत गॅलरीच्या दारात खुर्ची टाकून बसले आणि पुरणपोळी तिथेच मागवली. यजमान हात जोडून म्हणाले, "भाऊ, आजचा दिवस राहू द्या ना." साडभाऊ तुपाची वाटी पुढे करत म्हणाले, "पडणारा मुहूर्त पाहून पडते काय गा?"

त्यांचा जिवलग सोबती म्हणजे रेतीचं एक पोतं. नवी जाळी बांधली की ते वरून तीत टाकून बघायचं, अशी रीत आहे. बाकीचे लोक पोतं टाकतात आणि चहाला जातात. यांच्या पोत्याचं वजन मात्र यांच्या स्वतःच्या वजनाइतकं असावं लागतं. दिवाळीचा फराळ अंगी लागला की भंगारवाल्याच्या काट्यावर उभे राहतात आणि तेवढी रेती पोत्यात वाढवतात. "मी जाड झालो अन् हा बारीकच राहिला, तर जाळी मलेच फसवीन ना." शिवाय पोत्याला त्यांचा जुना शर्ट आणि डोक्यावर पिवळं हेल्मेट. पोतं पडताना कोणी मान वर करत नाही, शर्ट पडताना सगळे बघतात, असं त्यांचं म्हणणं. जाळीवर बनियन वाळत घालणाऱ्या मिस्त्र्यांना ते हेच पोतं दाखवून दम देतात आणि मिस्त्रीही त्याला 'छोटे साहेब' म्हणतात.

प्रताप नगरच्या साइटवरची गोष्ट. नमुन्याचा फ्लॅट लोकांना दाखवायचा समारंभ होता. साडभाऊंनी आम्हाला आवर्जून बोलावलं होतं आणि मी तर्री-पोह्यांवर श्रद्धा ठेवून गेलो होतो. ताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, खास त्या दिवसासाठी सीताबर्डीहून घेतलेला निळ्या चौकडीचा कोरा शर्ट त्यांच्या अंगात होता. गिऱ्हाइकं जमली, फोटोवाला आला आणि बिल्डर शेठना समोरची जाळी खुपायला लागली.

"भाऊ, ये जाली निकालो. सगळा फ्रंट झाकून राहिला."

वर, अगदी वरच्या मजल्याच्या बाहेर, प्लास्टरवाले परांचीवर उभे होते. साडभाऊ म्हणाले, "काम बंद करा, माणसं खाली घ्या. मग काढतो."

"काम बंद होणार नाही. एका घंट्याची तर बात आहे."

"मग जाळी नाही निघत."

"मग तुम्ही उद्यापासून येऊ नका."

पोह्याचा घास माझ्या तोंडातच राहिला. या वयात त्यांना दुसरी नोकरी कोण देणार होतं? ताईंनी पदर तोंडाला लावला. साडभाऊंनी शेठकडे, मग वर प्लास्टरवाल्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "ठीक आहे. मीच वर जातो." पडलेल्या चेहऱ्याने ते गेले. जाळी सोडायलाच ते चालले, आपल्या साडभाऊंनी हार मानली, याचं मला वाईट वाटलं.

थोड्या वेळाने वरून निळ्या चौकडीचा शर्ट पडला.

शर्ट, पिवळं हेल्मेट, भरलेलं अंग. ताईंची किंकाळी पार चौकापर्यंत गेली असेल. फोटोवाला खाली बसला. जाळी खोल वाकली, दोऱ्या करकरल्या, आणि तिने झेललं ते झेललंच. मग वरच्या मजल्यावरून नुसत्या बनियनवर साडभाऊ डोकावले.

"शेठ, तो मी होतो. आता बोला, काढू काय जाळी?"

शेठ काही बोलण्याआधी गिऱ्हाइकांतले एक आजोबा म्हणाले, "राहू द्या हो. घर कुठं पळून चाललं?" फोटो जाळीसकट निघाले. नोकरीचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

घरी मात्र मोठं रण माजलं.

"मले आधी सांगता येत नव्हतं?"

"तुले सांगतलं असतं, तर तू ओरडली असती काय वं? अन् तू ओरडली नसती, तर शेठले पटलं असतं काय?"

यावर ताई त्यांच्याशी बोलायच्याच थांबल्या. तो अबोला खंडेनवमीपर्यंत टिकला. कामाची हत्यारं पुजायची म्हणून साडभाऊंनी पोतं ऑटोत बसवून आणलं. ऑटोवाल्याने आरशात पाहून विचारलंही, "साहेबांची तब्येत बरी नाही वाटते." आम्ही पूजेला पोचलो तेव्हा अंगणातल्या झोपाळ्यावर 'छोटे साहेब' विराजमान झाले होते. ताई आरतीचं ताट घेऊन आल्या, थबकल्या. निळ्या चौकडीच्या शर्टाचं वरचं बटण तुटलं होतं. त्या आत जाऊन सुईदोरा घेऊन आल्या, ते शिवलं, दोरा दाताने तोडला आणि मग कुंकू लावलं.

"यांच्या जागी तूच पडत जा बापा," त्या हळूच म्हणाल्या.

साडभाऊंना ते ऐकू गेलं होतं. पण ते आमच्याकडे पाठ करून उभे राहिले आणि झोपाळ्याची कडी दोन्ही हातांनी धरून, सगळा भार टाकून, बराच वेळ ओढून बघत राहिले.