आण्णांनी मागितलेला उंदीर

मागच्या हिवाळ्यात आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, न्यूमोनिया झाला. नांदेडच्या दवाखान्यात अकरा दिवस काढून ते घरी आले. ताप गेला, खोकला गेला, पण तोंडाची चव काही परत येईना. आईनं मुगाची खिचडी केली, आंबील केली. आईचं माहेर उदगीरचं, अगदी शाकाहारी. आमच्या घरात मटण कधी शिजलं नाही. तरी तिनं स्वतः सांगून कोपऱ्यावरच्या खाणावळीतून रस्सा आणवला. आण्णा दोन घास खायचे आणि ताट सरकवून म्हणायचे, "माती चावल्यासारखं लागतं." शर्ट त्यांच्या खांद्यावरून घसरायला लागला होता.

आई-आण्णा माझ्याकडेच असतात. मी सरकारी कचेरीत नोकरी करते. एका रविवारी सकाळी गॅलरीत उन्हाला बसलो असताना मी त्यांना विचारलं, "आण्णा, खरं सांगा, काय खावंसं वाटतं? काहीही सांगा."

त्यांनी आधी मागे वळून पाहिलं. आई गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मग हळूच म्हणाले, "उंदीर."

मला वाटलं त्यांना उंदीर दिसला. मी पाय वर घेतले आणि खुर्चीखाली बघितलं.

"तो न्हाई. शेतातला. भाजलेला."

आणि मग, इतक्या वर्षांत घरात कुणालाच न सांगितलेली गोष्ट त्यांनी मला सांगितली.

आण्णा शिक्षक होते. त्यांची पहिली नेमणूक बिलोलीच्या पलीकडच्या एका खेड्यात झाली होती. तिथं दगड फोडून पोट भरणारी काही कुटुंबं होती. सुगीच्या दिवसांत ती शेतातली उंदरांची बिळं खणायची. शेतकऱ्याचा माल वाचायचा, यांना खायला मिळायचं. त्यांच्यातली एक मुलगी दुसरीत होती. ती शाळेत येईनाशी झाली म्हणून आण्णा तिला आणायला गेले, तेव्हा ते सगळे बांधावर जेवायला बसले होते. मुलीचा बाप म्हणाला, "गुर्जी, जेवा म्हणलं असतं, पण तुमी काय आमच्यात बसणार न्हाई." टोमणा नव्हता तो. जे होतं तेच तो बोलला होता.

"मग?" मी विचारलं.

"मग बसलो. पहिला घास डोळे मिटून गिळला. दुसऱ्या घासाला डोळे उघडले."

दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत आली. पुढची तीन वर्षं दर सुगीला आण्णांना शेतावरून निरोप यायचा आणि ते जायचे. मग हिमायतनगरला बदली झाली, लग्न झालं, आणि तो विषय संपला. आईलाही त्यांनी कधी सांगितलं नाही.

स्वयंपाकघरात उंदीर निघाला तर मी वॉचमनला हाक मारणारी बाई आहे. पण बोलता बोलता आण्णांनी आवंढा गिळलेला मी पाहिला. दीड महिन्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

त्या गावच्या शाळेतला त्यांचा एक विद्यार्थी बिलोलीत किराणा दुकान चालवतो. त्याला मी फोन केला. दोन दिवसांत त्यानं त्या मुलीचा नंबर काढून दिला. मुलगी कसली, आता साठीला आलेली बाई. तिनं फोन उचलला. मी आण्णांचं गाव, शाळा, साल सांगितलं.

"चष्म्यावाले गुर्जी? हायत अजून?"

"आहेत. आजारी होते. तुमच्याकडं यायचं म्हणतात."

"या की. ज्वारी काढून राहिलो आमी. बेस्तरवारी या. कोंबडी कापते."

मला ते शब्द तोंडातून काढायला जड गेलं. कसंबसं म्हणाले, "अक्का, त्यांना कोंबडी नको आहे."

ती समजली. फोनवर हसली आणि म्हणाली, "अजून ध्यानात हाय व्हय गुर्जींच्या."

आईला सांगितलं, आण्णांना त्यांची जुनी शाळा बघायची आहे, हवाबदल होईल. तिनं गोळ्या, मफलर, गरम पाण्याचा थर्मास, सगळं बांधून दिलं. ते सगळं घेऊन तिच्याशी खोटं बोलताना मला बरं वाटलं नाही.

गुरुवारी सकाळी गाडी मीच चालवली. नरसीला चहा प्यालो. आण्णांनी अर्धा कप टाकून दिला, पण बिलोली मागे पडल्यावर ते सरळ होऊन बसले आणि खिडकीची काच खाली केली. काळ्या रानात ज्वारी कापून आडवी पडली होती.

अक्का वाटेवरच उभी होती. उंच, दणकट, केस पांढरे, हातभर हिरव्या बांगड्या. ती पाया पडायला वाकली तर आण्णांनी तिचे दोन्ही हात धरले आणि तसेच उभे राहिले. अक्काच म्हणाली, "लई वाळले हो तुमी." तिला आता स्वतःची दोन एकर जमीन आहे. सुनेबरोबर ती स्वतः राबते.

शेजारच्या रानात बांधाला ओळीनं बिळं दिसत होती. मी तिकडं बोट दाखवलं.

"तिथलं न्हाई," अक्का म्हणाली. "त्या रानाच्या मालकानं औषध टाकलं. औषध खाल्लेला उंदीर लगेच मरत न्हाई ताई, चांगला पळताना दिसतो. त्याला आपण खाल्लं की आपण गेलो. माझ्या रानात मी औषध टाकत न्हाई. माझ्या बांधाजवळ त्यानं टाकलं का न्हाई, ते बी इचारून आले. न्हाई म्हणला."

मग तिनं आणि सुनेनं काम सुरू केलं. एका बिळाला पाच-सहा तोंडं. दोन सोडून बाकीची ढेकळांनी बुजवली. एका तोंडाशी बूड फुटलेलं मडकं लावलं, त्यात गवत आणि शेणी पेटवून धूर आत फुंकला. दुसऱ्या तोंडाला सुनेनं जाळी धरली. थोड्या वेळानं जाळी थरथरली. पुढं मी रानापलीकडच्या नदीकडं तोंड करून उभी राहिले. परत वळले तेव्हा अक्का कुदळीनं बीळ उकरत होती. आत ज्वारीची कणसं एकावर एक रचून ठेवलेली, एखाद्या नीटनेटक्या बाईनं ठेवावीत तशी.

"आधी आमी हे बी घरी नेऊन दळत होतो," ती म्हणाली. "आता शेरडांना टाकते."

ज्वारीची वाळकी धसकटं पेटवून तिनं उंदीर भाजले, केस जाळले, विळ्यानं खरवडले, पोट फाडून स्वच्छ केले, मीठ-हळद-तिखट चोळलं आणि पुन्हा निखाऱ्यावर ठेवले. तोवर सुनेनं तीन दगडांच्या चुलीवर भाकरी भाजल्या. खरवडल्यावर ते उंदरासारखे दिसेनात. लहानसा पक्षी भाजावा तसे दिसले, आणि चरबी निखाऱ्यावर टिपकू लागली तसा हुरड्याच्या आगटीसारखा वास सुटला.

आण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला, मांस सोडवलं, घास घेतला. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. ते सावकाश चावत राहिले. मग भाकरी पुढं केली आणि म्हणाले, "अजून थोडं दे."

मी एक पाय घेतला. पहिल्यांदा फक्त तिखट आणि धूर लागला. हाडं बारीक, मांस मऊ, कोंबडीपेक्षा किंचित गोडसर. आवडलं असं म्हणणार नाही. पण हात पुन्हा गेला, हेही खरं.

"मी डोळे मिटून खाल्लं होतं तेव्हा," आण्णा म्हणाले.

"म्हाईत हाय. तुमी गेल्यावर आमी लई हसलो," अक्का म्हणाली. "बापानं दुसऱ्या दिवशी सकाळीच मला शाळेत धाडलं. म्हणला, गुर्जींनी आपला उंदीर खाल्ला, आता तू त्यांची पाटी धर."

"पुढं किती शिकलीस?"

"चौथी. तुमी गेलात, मग कोण बसवून घेणार." मग म्हणाली, "पण औषधाच्या पुडीवरचं वाचता येतंय मला. कुणी काय टाकलं ते लोक पुडी आणून मलाच दावतात. आमच्यात त्या पायी एकबी माणूस दगावलं न्हाई."

आण्णांनी मान हलवली आणि खाणं थांबवलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि उरलेली भाकरी संपवली. त्या दिवशी त्यांनी दीड भाकरी खाल्ली.

घरी पोहोचलो तेव्हा दिवे लागायची वेळ होती. आईनं आण्णांच्या शर्टाचा वास घेतला आणि विचारलं, "शाळेत चूल पेटवतात का आता?" आण्णांनी तिथंच सगळं सांगून टाकलं. आईनं ऐकून घेतलं. तिला उंदराचं काही वाटलं नाही, निदान तिनं तसं दाखवलं नाही. ती म्हणाली, "पंचेचाळीस वर्षं संसार केला तुमच्याशी. मला सांगितलं असतं तर मी काय घराबाहेर काढलं असतं?" दोन दिवस ती त्यांच्याशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी त्यांनी पिठलं दुसऱ्यांदा मागितलं, तेव्हा ती वाढता वाढता म्हणाली, "त्या बाईला मुलं किती?" त्यानंतर दोघं तासभर त्या गावाबद्दल बोलत बसले.

चव हळूहळू परत आली. डॉक्टर म्हणाले गोळ्या बदलल्यानं. असेलही.

या सुगीला अक्काचा फोन आला तेव्हा तो आईनंच घेतला. "मी खाणार नाही," तिनं आधीच सांगून टाकलं, "पण येते." आम्ही तिघं गेलो. आई स्वतःचा डबा घेऊन कडुलिंबाच्या सावलीत बसली. अक्कानं काही न विचारता तिच्यासाठी नवा तवा काढला, वेगळ्या चुलीवर भाकरी केली, ठेचा वाटला. आईनं डबा उघडलाच नाही, ठेचा-भाकरीच खाल्ली. दोघी बांधावर पाय सोडून बसल्या आणि अंबाडीची भाजी कशी परतायची यावर बोलत राहिल्या. मी आणि आण्णा निखाऱ्याजवळ जेवत होतो.